मॅडमना काय विचारायचं

पट्टा बांधायला कोणी तयारच होईना. कागदी, पांढरा, मनगटाला गुंडाळून चिकटवायचा आणि त्यावर पेशंटचं नाव, वय, नंबर लिहायचा, एवढीच ती वस्तू. पण सकाळी खोलीत आलेली तरुण सिस्टर तो हातात धरून अशी अवघडून उभी राहिली, की तिला कोणी हेडमास्तरीणबाईंना बेडी घालायला सांगितलंय असं वाटावं. "मॅडम, तुम्हाला कसला पट्टा? आख्खं हॉस्पिटल ओळखतं तुम्हाला," असं म्हणून ती गोड हसली, पट्टा ट्रेमध्ये टाकला, ताप मोजला आणि निघून गेली. पलंगावर बसलेल्या बाई दार बंद होईपर्यंत त्या ट्रेकडे बघत राहिल्या. बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी तसंच मिटलं. बघू या, त्यांच्या मनात आलं. आज बघूच या.

बाईंना या हॉस्पिटलात तोंडावर मॅडम आणि पाठीमागे सुरक्षाबाई म्हणत. पेशंटच्या सुरक्षिततेचं खातं त्यांच्याकडे होतं. खातं म्हणजे त्या स्वतः, एक कपाट आणि हिशेबाच्या खोलीतलं अर्धं टेबल. वॉर्डात सिस्टर म्हणून उभं आयुष्य गेल्यावर वरिष्ठांनी त्यांना हे खातं बहाल केलं, तेव्हा बाईंना तो मान वाटला होता. पुढे कळलं, की वॉर्डात त्यांची कटकट नको म्हणून सगळ्यांनी मिळून केलेली ती सोय होती. 'सुरक्षा' ही पाटी वाचून लोक हरवलेल्या चपला विचारायला येत. एकदा एक नवे डॉक्टर त्यांची स्कूटर कोणाच्या तरी गाडीमागे अडकली म्हणून तणतणत आले आणि बाईंनी जाऊन ती काढूनही दिली, कारण निदान एका डॉक्टरानं त्यांच्या खात्याकडे काहीतरी मागितलं होतं. पेशंट पडू नये, औषध चुकू नये, एकाचं रक्त दुसऱ्याला चढू नये, यासाठीही कोणी असतं, हे ऐकून लोकांना थोडी गंमत वाटे. चुकू नये म्हणून माणूस कशाला लागतो? चुकायचं नाही, झालं.

आणि वैताग असा, की सगळ्यांना सगळं माहीत होतं. अडाणी माणसाला शिकवता येतं. इथे अडाणी कोणी नव्हतंच. दर ट्रेनिंगला बाई विचारत, "पेशंटला हात लावण्याआधी काय करायचं?" आणि अख्खा हॉल शाळेतल्या पाढ्यांच्या सुरात म्हणे, "त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं!" ऑपरेशनचा भाग? "पेशंट शुद्धीत असताना, त्याला विचारून, सर्जननं स्वतः मार्करनं खूण करायची!" शंका आली तर? "थांबायचं!" मग चहा होई, बिस्किटं होत, आणि तीच मंडळी वॉर्डात जाऊन म्हणत, "तुम्हीच ना ते अपेंडिक्स?" आणि पेशंट मान डोलावी. उताणा पडलेला माणूस कशालाही मान डोलावतो. त्याला तुम्हीच ना ते बाळंतपण, असं विचारलं तरी तो विचार करून हो म्हणेल, डॉक्टर नाराज नको व्हायला. मार्कर बाईंनी स्वतः प्रत्येक वॉर्डात वाटले होते. एका फेरीत त्यांना फ्रिजवर झोकदार काळ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, 'सिस्टरांचं दूध. हात लावू नये.' हॉस्पिटलातली ही एकमेव सूचना सगळे पाळत होते.

मग बाईंनी अचानक परीक्षा घ्यायला सुरुवात केली. स्वतःच रिकाम्या खाटेवर हनुवटीपर्यंत चादर ओढून पडायचं आणि खोटा पेशंट व्हायचं. "सिस्टर, माझ्या छातीत कळ येतेय." सिस्टर आधी बाईंचा चष्मा ओळखे, मग लगबगीनं सगळे नियम पाळून दाखवी. बाई म्हणत, "मस्करी नाही करत मी, खरंच दुखतंय," म्हणजे सिस्टर आणखी जोरात नियम पाळी. अशा परीक्षेत आजवर एकही खोटा पेशंट दगावला नव्हता.

"अगं, सांग ना मग त्यांना," नवरा पलंगाशेजारच्या खुर्चीतून म्हणाला. तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसला होता. हॉस्पिटल असो, लग्न असो, तो कोडं घेऊनच येई. "पट्टा बांधा म्हणावं. दोन शब्दांचं काम."

"मी का सांगू? विचारणं त्यांचं काम आहे."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर कळेल मला."

"तुला कळेल," नवऱ्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे पाय चुकला तरी चालेल, पण उत्तर त्यांनी आपलं आपण द्यायला पाहिजे."

"अहो, तुम्हाला यातलं कळत नाही."

"मला एवढंच कळतं की दुखणारा पाय डावा आहे, आणि मलमपट्टी उजव्याला आहे. मी सर्जन असतो तर मलमपट्टीवर गेलो असतो."

हे मात्र खरं होतं आणि म्हणूनच बाई चिडल्या. डाव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. तिच्यासाठी आज दुर्बिणीतून छोटंसं ऑपरेशन, उद्या घरी. पण काल भरती व्हायला येताना, डावा पाय जपत चालताना, त्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये घसरून उजव्या गुडघ्यावर पडल्या. फरशी नुकतीच पुसलेली होती. 'फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी बाईंनीच भांडून आणवली होती आणि ती दाराच्या मागे कोरडी उभी होती. पुसणाऱ्या मावशी धावत आल्या. बाईंनी जमिनीवरूनच विचारलं, "पाटी कुठाय?" मावशी म्हणाल्या, "आत ठेवलीय मॅडम, जपून. बाहेर ठेवली की लोकांच्या पायात येते, कोणी पडलं म्हणजे?" बाई मावशींच्याच हाताला धरून उठल्या. उजव्या गुडघ्यावर गुबगुबीत पांढरं ड्रेसिंग मात्र झालं, आणि दुखरा डावा गुडघा शेजारी बिचारा निर्दोष दिसत राहिला.

ट्रॉली घेऊन वॉर्डमामा आले. "चला मॅडम, स्वारी निघाली!" त्यांनीही नाव विचारलं नाही, केसपेपर उघडला नाही. वर नवऱ्याला डोळा मारून म्हणाले, "साहेब, काळजी नको, घरचंच माणूस आहे." नवरा दारापर्यंत आला. त्यानं बाईंचा हात दाबला आणि हळूच म्हणाला, "डावा. विसरू नकोस हां." बाई म्हणाल्या, "मी? मी विसरेन?" आणि ट्रॉली वळली.

आडवं पडून जाताना हॉस्पिटल वेगळंच दिसत होतं. इतकी वर्षं बाईंनी ते उभ्यानं पाहिलं होतं, भिंतीवरची आपली पोस्टरं मोजत. आडव्या माणसाला पोस्टरं दिसतच नाहीत, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. दिसतं ते छत, ओल धरलेलं, दिव्यांच्या नळ्यांत मेलेले किडे, आणि ट्रॉली ढकलणाऱ्याच्या नाकपुड्या. सगळी पोस्टरं आपण उभ्या माणसांसाठी लावली. त्यांना अचानक वडील आठवले. वडील एसटी चालवत. गाडी सुटायची वेळ झाली की ते खाली उतरत आणि गाडीला सावकाश वळसा घालून प्रत्येक चाकाला लाथ मारत. एक चाक, थांबून कान देणं, दुसरं चाक. खिडक्यांतून डोकी बाहेर येत. "काय ड्रायव्हरसाहेब, गाडीशी भांडण झालं का?" "अहो, लग्न लागून जाईल तिकडे!" आणि पुढच्या बाकावर बसलेली, दोन वेण्यांची मुलगी लाजेनं बाकाखाली घुसायला बघे. आपले वडील इतर वडिलांसारखे सरळ गाडीत चढून बसत का नाहीत? निवृत्त होईपर्यंत वडील लाथा मारत राहिले. चालत्या गाडीचा टायर कधी फुटला नाही, त्यामुळे त्यांचं बरोबर होतं हे कधी सिद्धच झालं नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्या लाथांवर विनोद केला आणि वडील सगळ्यांबरोबर हसले. बाईंना तेव्हा साहेबांचा राग आला नव्हता. वडिलांचा आला होता, हसल्याबद्दल. न घडलेल्या गोष्टीचं श्रेय माणसानं मागायचं तरी कोणाकडे? कपाळावरून एक दिवा गेला, मग अंधार, मग दुसरा दिवा. दाराला ट्रॉली थडकली. "सॉरी मॅडम," मामा म्हणाले, "हे दार नेहमीच मधे येतं."

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत थिएटरच्या मोठ्या सिस्टर आल्या. बाईंची आणि त्यांची नोकरी एकाच साली लागलेली. एकत्र डबा खाल्लेला, एकमेकींच्या पोरांच्या बारशाला गेलेल्या. हिला तरी सगळं येतं, बाईंना वाटलं. ही विचारेल. मोठ्या सिस्टरनी पांघरूण बाजूला केलं, उजव्या गुडघ्यावरचं ड्रेसिंग पाहिलं, "अगं बाई, केवढं लागलंय गं," म्हणत ते अलगद सोडवलं आणि त्याच पायाला हिरवं कापड गुंडाळायला घेतलं. बोलत मात्र त्या सुनेबद्दल होत्या. सून रात्री गॅसचा नॉब बंद करत नाही, सांगितलं तर म्हणते माहितीय आई. "माहितीय म्हणते आणि तसाच ठेवते, सांग आता!" बाईंनी हुंकार दिला. आत्ता सांगावं. दोन शब्दांचं काम. जीभ टाळूला लागलीसुद्धा. पण हे अजून शेवटचं दार नव्हतं. आत सर्जन येऊन खूण करतील, तेव्हा विचारतील. त्यांनी नाही विचारलं तर चाकू लावण्याआधी सगळ्यांनी थांबून मोठ्यानं बोलायचं असतं, कोण पेशंट, कुठला भाग, काय करायचं. तो नियम बाईंनीच वर्षभर वरिष्ठांच्या खोलीबाहेर बसून आणला होता. तो काय उगाच आणला? त्याच्या आधी आपण बोललो, तर तो चालतो की नाही हे कधीच कळणार नाही. इथे नवऱ्याचा आवाज कानात काहीतरी बोलायला लागला, तो बाईंनी बंद केला.

सर्जन आले. त्यांना सगळे 'जलद' म्हणत. इतरांचे हात धुऊन होईपर्यंत यांचं टाके घालून होई, अशी ख्याती होती, आणि त्यांना ती आवडे. "काय मॅडम, आज तुम्ही आमच्या तावडीत!" ते दारातूनच गरजले. "आज सगळं नियमानं हां, नाहीतर मॅडम टेबलावरून उठून रिपोर्ट लिहितील." सगळे हसले. खिशाला मार्कर लावलेला होता. त्यांनी तो काढला, मोबाइलवर बोलता बोलता तळहातावर कोणाचा तरी नंबर लिहून घेतला आणि मार्कर परत खिशाला लावला. खूण राहिली. बाईंनी मनात मोजलं, ही चौथी चूक.

मग भूलवाल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला थंडगार बोळा फिरला, कमरेत सुई गेली. "पाय जड होतील मॅडम, घाबरायचं नाही." उताणं केल्यावर पाय होते तिथे कोणीतरी गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्यासारखं वाटलं. मग पिशव्याही नेल्या. छातीच्या पुढे हिरव्या कापडाचा पडदा उभा राहिला आणि बाई संपल्या ते बेंबीपाशी. पडद्याच्या पलीकडे त्यांचंच काहीतरी चाललं होतं आणि त्यांना त्याची काही खबर नव्हती. कोणीतरी काहीतरी उचललं, कारण पडदा हलला. काय उचललं? आपलाच पाय असणार, पण त्यांना मनातून तो उचलता येईना. त्यांनी डाव्या अंगठ्याला हलायला सांगितलं. आज्ञा गेली, वाटेत कुठेतरी हरवली, पोच आली नाही. या क्षणाचा आपण कधी विचारच केला नव्हता. आपण खोटा पेशंट व्हायचो तेव्हा चादरीखाली पाय होते.

वर मोठा दिवा होता. त्याच्या चकचकीत कडेत पडद्यापलीकडचं दृश्य बोटभर होऊन लटकलं होतं. हिरव्या रानात एकच पाय, औषधानं तपकिरी रंगवलेला, वाकवलेला. बाईंनी श्वास धरला. तो पाय चित्रात या बाजूला होता. म्हणजे खरा त्या बाजूला? आरशात डावं उजवं होतं. पण हा आरसा समोर नाही, डोक्यावर आहे, आणि वाकडा आहे, मग उलटं परत सुलट होतं का? त्यांनी आपला उजवा हात आठवून पाहिला, जेवणाचा. तो बाजूला फळीला बांधलेला होता. त्यात सुई होती की डाव्यात? हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला आणि या खेपेला उत्तर उलटं आलं.

"चला, ते तुमचं म्हणून घेऊ या," जलद सरांचा आवाज. आणि मोठ्या सिस्टरनी एका दमात म्हटलं, "पेशंट बरोबर, भाग बरोबर, ऑपरेशन बरोबर." "बरोबर," सर म्हणाले. "बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थांबायचा क्षण आला आणि न थांबता गेला. देवळापुढून गाडी नेताना ड्रायव्हर छातीला बोट लावतो, तेवढाच. वर्षभर खोलीबाहेर बसून आणलेला नियम तो हा.

"कुठला पाय?" बाई मोठ्यांदा म्हणाल्या.

पडद्यामागे हशा फुटला. "बघा, मी म्हटलं नव्हतं!" जलद सर. "टेबलावरसुद्धा ट्रेनिंग!"

"डावा सांगितलाय मी. डावा घेतलाय ना?"

"हो हो मॅडम, डावा, डावा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या सुरावरूनच बाईंना कळलं, की तिनं खाली पाहिलेलं नाही. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. उताण्या पेशंटचा सूर. विचारणारा नाराज नको व्हायला.

"मी मस्करी करत नाहीये! परीक्षा नाहीये ही!"

"असंच म्हणता मॅडम तुम्ही दर वेळी!" आणि मग कोणीतरी, खरोखर कौतुकानं, पाढा सुरू केला, शंका आली तर काय करायचं, आणि दोघं-तिघं एका सुरात म्हणाले, "थांबायचं!" हसत हसत. भांडी वाजत होती. कोणीही थांबलेलं नव्हतं. "शंभरपैकी शंभर," जलद सर म्हणाले. "मॅडमना जरा झोपेचं द्या हो, घाम फुटलाय त्यांना." डोक्यापाशी डॉक्टरीणबाईंची सावली वाकली. इंजेक्शनची सिरिंज दिव्यापुढून गेली. हे दिलं की डोळे मिटतील, आणि उघडतील तेव्हा दोनांपैकी कुठल्या तरी गुडघ्यावर टाके असतील आणि सगळे म्हणतील, मॅडम, कसं वाटतंय?

बाई ओरडणार होत्या. नियम तोंडात तयार होते, क्रमानं, पाठ. पण नियम पडद्यापलीकडच्यांनाही पाठ होते. नियमाला उत्तर म्हणून तोच नियम परत येणार होता. बाईंजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. म्हणजे एक होतं, पण ते या इमारतीत त्यांनी कधी कोणाला दाखवलं नव्हतं. ते आपोआपच बाहेर आलं, आणि त्याचा आवाज त्यांना स्वतःलाही ओळखू आला नाही. बारीक, तुटका.

"मला माहीत नाही."

भांडी वाजायची थांबली.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "वर दिव्यात दिसतोय तो डावा आहे का उजवा, मला कळेना झालंय. मला माझे पाय सापडत नाहीत. कोणीतरी बघा. मला भीती वाटतेय."

मस्करी म्हणून हे कोणाला घेता येईना. मॅडमना माहीत नाही, हे त्या हॉस्पिटलात कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा सिरिंज धरलेला हात तसाच राहिला. पडद्यापलीकडे कापडं सरसरली. कोणीतरी एक पदर उचलून खाली पाहिलं असावं, आणि मग दुसरा पदर, दुसऱ्या पायावरचा.

"सर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. नुसतं सर.

काहीतरी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला, हलक्या हातानं, कोणी झोपलेलं असताना ठेवतात तसा. पावलं पडद्याला वळसा घालून आली. जलद सर डोक्यापाशी उभे होते. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. इतक्या जवळून बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओठावर घाम होता, आणि चेहरा एखाद्या विद्यार्थ्याचा असतो तसा कोरा, ज्याला पेपर बघितल्यावर कळतं की आपण भलत्याच विषयाचा अभ्यास करून आलोय. शेजारी मोठ्या सिस्टर आल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या सुनेबद्दल काही बोलत नव्हत्या.

"बाई," जलद सर म्हणाले. त्यांनी मॅडम म्हटलं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

बाईंनी सांगितलं. सिस्टरनी ते केसपेपरवरच्या नावाशी ताडून पाहिलं, बोट ठेवून.

"कुठला गुडघा दुखतो?"

बाईंना राग येईल असं वाटलं होतं. आत्ता विचारताय? पण राग यायलाही पाय लागतात की काय कोण जाणे, तो कुठे सापडला नाही. त्यांनी डोळे मिटले. डावा म्हणायचं, एवढं सोपं. पण तेही आता पाठ केलेलंच वाटत होतं, नवऱ्यानं हात दाबून दिलेलं. खरं कुठे आहे? त्या मनानं घरी गेल्या. इमारतीचा जिना. हातात भाजीची पिशवी, लिफ्ट बंद. कठड्याला कुठला हात? मग वरच्या पायरीवर आधी कुठला पाय जातो आणि कुठला मागे राहतो, ओढून घ्यावा लागतो? त्या एक पायरी चढल्या. कळ आली. कमरेखाली काहीच नव्हतं तरी कळ मात्र बरोबर तिच्या जागी आली. कोणी घाई केली नाही. जलद सर मार्करचं टोपण काढून उभे होते.

"डावा," बाई म्हणाल्या.

"डावा," सर म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा विचारा."

आणि कोणी हसलं नाही. सर परत वाकले आणि पुन्हा पहिल्यापासून, नावापासून, विचारू लागले.